सत्कारमूर्तीची संमती

नगर, २ सप्टेंबर १९४७

श्रीयुत शामकांत राधाकृष्ण देहरेकर, प्रभारी हेड टाइमकीपर, यांच्या चरणी ज्येष्ठ बंधू नृसिंह याचा लोटांगणपूर्वक नमस्कार.

थोरल्याने धाकट्यास आशीर्वाद द्यावा हा सामान्य शिष्टाचार मला अवगत आहे. परंतु आपण सांप्रत ज्या खुर्चीवर विराजमान आहात, ती मी बावीस वर्षे बसून खोलगट केलेली असल्यामुळे हा नमस्कार आपणांस नसून तिला आहे असे समजावे. तिचा उजवा हात डुगडुगतो. त्यावर भार टाकू नये.

आम्ही उभयतां माळीवाड्यात एका खोलीत सुखरूप आहोत. खोलीस खिडकी आहे, आणि खिडकीसमोर भिंत आहे. आपली वहिनी सुचित्रा हिने आपणांस काही निरोप दिलेला नाही. आपले नाव निघाले तेव्हा तिने आमटीत दुसऱ्यांदा मीठ घातले, एवढेच.

वकील रविकांतराव यांनी घडलेले सर्व क्रमवार लिहून काढण्यास सांगितले आहे. एकट्याने लिहिणे कंटाळवाणे, म्हणून आपणांस श्रोता करतो. चुकले तिथे दुरुस्त करावे. आपण तर प्रत्येक प्रसंगी उपस्थित होता.

पंधरा ऑगस्टला राष्ट्र स्वतंत्र झाले. त्या दिवशी सकाळी आपल्या साखर कारखान्याच्या यंत्रदुरुस्तीच्या पाळीतील सर्व माणसे गावच्या चावडीसमोर झेंड्याला वंदन करण्यास गेली. व्यवस्थापक महाशयांनी मला आज्ञा केली, "देहरेकर, सगळ्यांची अर्ध्या दिवसाची गैरहजेरी मांडा." मी नम्रपणे विचारले, "साहेब, राष्ट्राच्या जन्माला जो हजर होता, त्याला मी गैरहजर कोणत्या तोंडाने म्हणू?" आणि हजेरी मांडली. आपण शेजारच्या टेबलावर होता व आपणांस हसू आवरत नव्हते, हे मला स्मरते.

तीन दिवसांनी माझी बदली झाली. कंपनीच्या कामाच्या सोयीसाठी, मालक सेठजींच्या जालना येथील कापसाच्या जिनिंग कारखान्यात. राष्ट्रास स्वातंत्र्य व मला निजामाचे प्रजाजनत्व, अशी एकाच आठवड्यातील ही दोन सत्तांतरे. जालन्याहून माणसे जीव मुठीत धरून, बोचकी घेऊन मनमाडकडे येत असताना त्या दिशेने जाणारा मी बहुधा एकमेव प्रवासी ठरलो असतो. शिवाय तिथे मुंबई सरकारचा कामगार कायदा लागू नाही. निजामाची हद्द ओलांडली की मी कंपनीचा नोकर राहत नाही, सेठजींच्या मर्जीचा नोकर होतो, आणि मर्जीवर अपील नसते.

त्यानंतर निरोपाची पानसुपारी. ती आपण योजलीत. मला आगाऊ कळविले नाहीत, कारण आपणांस मला चकित करायचे होते. मी चकित झालो. टाइम ऑफिससमोर सतरंजी, मध्ये मी, उजवीकडे व्यवस्थापक महाशय, मागे सर्व मंडळी, समोर श्रीरामपूरचा फोटोग्राफर. गिरणीखात्यातील गहिनीनाथाने हार घातला तेव्हा त्याच्या हाताचा वंगणाचा वास झेंडूच्या वासात मिसळला होता. सर्वांनी वर्गणी काढली होती. अशा वेळी सत्कारमूर्तीने उठून "मी बदली नाकारतो" असे म्हणणे म्हणजे पंगतीत वाढलेले पान लाथाडणे. सबब मी भाषण केले. आपणांस ते पाठ असेल: "सेठजींची आज्ञा मला शिरसावंद्य आहे. जालनाच काय, पाताळातही जाईन. तेथील मंडळी वेळेवर येत नाहीत असे पुराणांतरी ऐकतो." मंडळी हसली. व्यवस्थापक महाशयही हसले. ते त्यापूर्वी कधी हसल्याचे कोणास आठवत नाही. तेव्हाच मला शंका यावयास हवी होती.

दुसऱ्या दिवशी मी लेखी अर्ज दिला की मी जाणार नाही, आणि बदलीविरुद्ध येथील कोर्टात गेलो. कंपनीचे म्हणणे असे की मी आनंदाने निरोप स्वीकारला आणि मागाहून बुद्धी फिरली.

आता मुख्य गोष्ट. सत्काराच्या आदल्या संध्याकाळी, आपल्या घरी, आपली पत्नी सरोजिनी पोळी वाढीत असता मी म्हणालो होतो, "शाम, मी काही झाले तरी जाणार नाही, अर्ज लिहून ठेवला आहे." आपण म्हणालात, "दादा, आधी जेवा." एवढे एक वाक्य आपण न्यायाधीशांपुढे सांगितलेत की पुरे. हीच साक्ष वहिनीने दिली तर ती नवऱ्याची बाजू ठरते. आपण कंपनीचे नोकर असल्यामुळे आपले वाक्य सोन्याचे आहे.

उत्तर यावे.

आपला, ज्याला आपण पूर्वी दादा म्हणत असा
नृसिंह


नगर, ३० सप्टेंबर १९४७

श्रीयुत शामकांतपंत यांसी,

मौन हे विद्वत्तेचे लक्षण मानावे, तर गेल्या महिन्यात आपण महामहोपाध्याय झालात.

गहिनीनाथ काल कामगारांचा निरोप घेऊन आला होता. दारातच बसला. वहिनीने पाट दिला तर म्हणाला, "नगं बाई, पायाला चिखल हाय." मग पाटावर बसून चहा प्याला आणि कारखान्याचे वर्तमान सांगितले.

"धाकले भाऊसाहेब कायम झाले."

"कोणत्या पदावर?" मी विचारले. विचारण्याची गरज नव्हती.

"तुमच्याच. कागदावर सही करून दिली. शेटच्या कुठल्या बी कारखान्यात धाडलं तरी जाईन, असं लिवून दिलंय म्हनं. मॅनेजरनं समद्या बाबू लोकांफुडं वाचून दावलं."

"त्यांनी वाचून सही केली, की सही करून वाचले?"

"ते मला काय ठावं, भाऊसाहेब. पर हसत हुते."

आपण हसत होता हे ऐकून समाधान झाले. घराण्यात विनोदबुद्धी टिकून आहे.

रविकांतरावांनी मला माझ्याच खटल्याचे तत्त्वज्ञान शिकविले. ते आपणांसही उपयोगी पडेल म्हणून लिहितो. नोकर म्हणजे मालकाच्या खिशातील रुमाल नव्हे, की उजव्या खिशातून काढला आणि डाव्यात घातला. ज्या कंपनीने मला ठेवले तिचा मी नोकर. जिनिंग कंपनी निराळी, साखरेची निराळी, आणि दोहोंचे सेठजी एक असले तरी कायद्याच्या दृष्टीने ती दोन माणसे आहेत. एका कंपनीने आपला नोकर दुसरीस परस्पर देऊन टाकणे, हे नोकराच्या संमतीवाचून अशक्य. संमती असली तर मात्र सर्व शक्य. म्हणून सगळा खटला त्या एका शब्दाभोवती फिरणार.

मी म्हणालो, "वकीलसाहेब, म्हणजे गळ्यात हार होता की नव्हता, यावर माझा अन्नोदक-प्रश्न अवलंबून?"

ते म्हणाले, "हारावर नाही. तुमच्या भावावर."

मी त्यांना सांगितले की मग चिंतेचे कारण नाही. आपण पाच वर्षांचे असता आई गेली. सुचित्रा तेव्हा सोळा वर्षांची होती. आपला ताप उतरेपर्यंत ती माहेरी गेली नाही, आणि पुढे आपणांस ताप नसतानाही गेली नाही. हे मी आपणांस उपकार म्हणून लिहीत नाही. वकिलांना आपली ओळख करून देताना एवढेच सुचले.

खटला दिवाळीनंतर निघेल.

नृसिंह


नगर, २६ नोव्हेंबर १९४७

कंपनीचे विश्वासू साक्षीदार श्री. देहरेकर यांसी,

परवा कोर्टात आपला नवा कोट पाहिला. खांद्यावर थोडा ओढतो. सरोजिनीस शिवण सैल करावयास सांगावे. पण ती आता अवघडलेली असेल, तेव्हा शिंप्याकडेच द्यावा. ती आठव्यात गेल्याचे आम्हांला गहिनीनाथाकडून कळले. घरातील शुभवार्ता गिरणीखात्यामार्फत येण्याची ही नवी पद्धत सोयीची आहे.

आपण समोर होता, तरी काय घडले ते लिहितो, कारण आपण सर्व वेळ जमिनीकडे पाहत होता.

कंपनीच्या वकिलांनी फोटो पुढे केला. न्यायाधीशांनी तो चष्मा वर करून पाहिला, मग चष्मा खाली करून पाहिला. त्यात मी हसत आहे हे निर्विवाद. मग त्यांनी मला विचारले, "जायचे नव्हते, तर हार का घातलात?"

"महाराज, हार मी घातला नाही. मला घातला गेला."

"काढून ठेवता आला असता."

"ज्याने घातला तो समोर उभा होता."

ते काही लिहू लागले. मग गहिनीनाथास बोलाविले. तो शपथ घेताना जोडे काढू की नको या विवंचनेत होता. कंपनीच्या वकिलांनी विचारले, "निरोपाचा हार तुम्हीच घातला ना? म्हणजे देहरेकर जाणार, हे तुम्हांला मान्य होते."

"हार मान म्हनून घातला, साहेब. बदलीला न्हाई."

"निरोप म्हणून घातला. निरोप घेणारा माणूस जायला कबूल असतो."

गहिनीनाथ म्हणाला, "साहेब, मानूस मेला तरी हार घालत्यात. त्याला काय इचारून घालत्यात व्हय?"

कोर्ट हसले. न्यायाधीशांनी ते वाक्य कारकुनास लिहून घेऊ दिले नाही. आपण मात्र हसला नाहीत.

मग आपण.

"तुमचे बंधू भाषणात 'आज्ञा शिरसावंद्य' असे म्हणाले?"

"हो."

"हसत म्हणाले?"

"हो."

"जाणार नाही, असे ते त्यापूर्वी तुमच्यासमोर कधी म्हणाले होते?"

आपण पाणी मागितलेत. पाणी आले. आपण प्यालात. पेला खाली ठेवलात आणि म्हणालात, "माझ्यासमोर नाही."

रविकांतराव उलटतपासणीस उठले, तर मी त्यांचा कोट धरून त्यांना बसविले. आपणांस आणखी काही खोटे बोलावे लागू नये, हा त्यातील हेतू उदात्त वाटतो. खरे कारण असे की आपला आवाज मला आणखी ऐकायचा नव्हता. वकील संतापले. त्यांचे म्हणणे की मी माझा खटला तिथेच घालविला.

कोर्टाबाहेर वहिनी पिंपळाच्या पारावर बसली होती. तिने विचारले, "शाम काय म्हणाला?" मी सांगितले, "त्याला आठवत नाही." ती म्हणाली, "लहानपणापासून विसराळूच." मग टांगा बघायला उठली.

ती संध्याकाळ तिलाही आठवते. पोळ्या तीच लाटत होती.

नृसिंह


नगर, १४ जानेवारी १९४८

श्रीयुत,

आज संक्रांत. गोड बोलण्याची सक्ती असल्यामुळे थोडक्यात लिहितो.

निकाल लागला. मी जिंकलो. आपल्या साक्षीसह जिंकलो, याचे श्रेय आपणांस नाकारता येत नाही.

न्यायाधीशांनी आपल्या वाक्यास फारसे महत्त्व दिले नाही. त्यांनी लिहिले आहे की सत्कार हा करार नव्हे. सहकाऱ्यांचा मान राखण्यासाठी हसलेल्या मनुष्यास त्या हसण्याने बांधता येत नाही. एका मालकाची नोकरी दुसऱ्याच्या गळ्यात घालावयाची तर नोकराची संमती स्पष्ट असली पाहिजे, आणि अर्जदाराने तर दुसऱ्याच दिवशी लेखी नकार दिला आहे. झेंडावंदनाची हजेरी आणि बदलीचा हुकूम यांतील अंतर तीनच दिवसांचे आहे, हेही त्यांच्या नजरेतून सुटले नाही. बदली रद्द. मला मूळ जागी, मूळ खुर्चीवर, एक फेब्रुवारीपासून बसवावे.

माझ्या आयुष्यात एवढी गंभीर भाषा माझ्याविषयी कोणी वापरली नव्हती. मी ती वहिनीस मोठ्याने वाचून दाखविली. "मनुष्यास बांधता येत नाही" हे वाक्य तिने दोनदा वाचावयास सांगितले.

त्याच परिच्छेदाच्या शेवटी आणखी एक वाक्य आहे: नोकराने लेखी संमती दिली असती, तर निर्णय निराळा झाला असता. ते वाक्य माझ्या कामाचे नाही.

आता आपल्या खुर्चीचे काय, हा प्रश्न आपल्या मनात येईल. तो माझ्याही मनात आला. मी तो तिथेच ठेवून तिळगूळ खाल्ला. थोडा कडवट लागला. तीळ जुने असावेत.

नृसिंह


नगर, २२ जानेवारी १९४८

शाम,

सोमवारी गहिनीनाथ आला आणि चहा न घेताच म्हणाला, "धाकल्या भाऊसाहेबास्नी जालन्याचा हुकूम झाला." व्यवस्थापकांनी निकालाचे ते शेवटचे वाक्य माझ्याआधी नीट वाचले होते. माझ्यासाठी खुर्ची मोकळी करायची, आणि तुझी लेखी संमती त्यांच्या कपाटात. माझ्या सुटकेचा आधार तोच तुझ्या पाठवणीचा आधार.

मी रविकांतरावांकडे गेलो. ते म्हणाले, "सही आहे ना? मग कायदा त्याचा कोणी नव्हे." मी म्हणालो, काही वाट असेलच. ते म्हणाले, "एक आहे. कंपनीने साक्षीच्या मोबदल्यात खुर्ची दिली आणि काम झाल्यावर काटा काढला, असे तुमच्या भावाने शपथेवर सांगावे. म्हणजे पहिली शपथ खोटी होती हे सांगावे. जालना टळेल, तुरुंग लागेल."

तो पर्याय मी तुला कळवीत आहे, एवढेच. तू तो घेणार नाहीस, हे मला कोर्टात पाण्याचा पेला पाहिला तेव्हाच कळले होते.

परवा वहिनी कारखान्यावर जाऊन सरोजिनीस भेटून आली. तू तेव्हा ऑफिसात होतास. सरोजिनीचे पाय सुजले आहेत, ती खिडकीत बसून असते, आणि तिला माहेरी आई नाही. जालन्याच्या लोकांची बोचकी ती रोज रस्त्याने जाताना पाहते. तिने वहिनीस विचारले, "जाऊबाई, हे तिकडून येतात, मग आम्ही तिकडे का जायचं?" वहिनी घरी येऊन मला म्हणाली, "तुम्हांला कोणी बांधू शकत नाही ना? मग करा काय करायचं ते." तिने यापेक्षा अधिक काही म्हटले नाही, आणि यापेक्षा कमी म्हटले असते तर मी ऐकले नसते.

काल मी व्यवस्थापकांकडे गेलो. निकालाची नक्कल त्यांच्या टेबलावरच होती.

"या, देहरेकर. कोर्टानं तुम्हांला परत बसवलंय."

"होय साहेब. त्यामुळेच आता मी उठू शकतो."

त्यांना समजले नाही. मी समजावून सांगितले: मी जालन्यास जाण्यास लेखी, स्पष्ट, निर्विवाद संमती देतो. त्या बदल्यात शामकांत आहे तिथे कायम, आणि त्याने सही केलेला कागद त्याला परत. त्यांनी कागद काढला, थोडा वेळ बोटांनी सरळ केला आणि म्हणाले, "हे ऑगस्टमध्येच केलं असतं, तर एवढा खटाटोप वाचला असता."

"ऑगस्टमध्ये आपण पाठवीत होता."

"आणि आता?"

"आता मी जातो आहे."

ते म्हणाले, फरक काय. मला उत्तर ठाऊक होते, परंतु ते सांगण्याजोगा मनुष्य समोर नव्हता.

फाटकापाशी गहिनीनाथ आणि पाळीतील माणसे उभी होती. बातमी माझ्याआधी बाहेर पोचली होती. कोणी रागावले नाही. रागावले असते तर बरे झाले असते. गहिनीनाथ म्हणाला, "भाऊसाहेब, मंग आमी भरल्या कोर्टात काय म्हून बोललो? आता उद्या आमच्यातल्या एकाला धाडायचं झालं, तर मॅनेजर म्हनल, त्यो बघा, जिंकून बी गेला."

मी म्हणालो, "निकाल कागदावर आहे. तो तुमचाच आहे. तो कोणी पुसू शकत नाही."

"कागद हाय," तो म्हणाला. "मानूस न्हाई."

मग ते कामावर गेले.

सोबतचा कागद तुझा आहे. चुलीत घाल, आणि राख होईपर्यंत तिथून हलू नकोस. सरोजिनीस तो कधी होता हेही कळण्याचे कारण नाही.

वहिनी रविवारी तुमच्याकडे येईल. बाळंतपणासाठी राहील. तिच्या गुडघ्यांना थंडी सोसत नाही, तिला आतल्या खोलीत अंथरूण घाल. ती तुला काही विचारणार नाही. ती तुझ्यासाठी पूर्वीसारखेच ताक घुसळील, आणि तू ते पिशील, आणि ते प्रत्येक वेळी तुझ्या घशाखाली कसे उतरते हे फक्त तुलाच ठाऊक असेल. मूल दोन महिन्यांचे झाले की ती माझ्याकडे येईल.

न्यायालयाने मला एकच वस्तू दिली होती, "नाही" म्हणण्याचा अधिकार. बावीस वर्षांच्या नोकरीत माझ्या नावावर झालेली ती पहिली मालमत्ता. ती मी आठवडाभर सांभाळली आणि तुझ्यावर खर्च केली. तू ती परत करण्याच्या खटपटीला लागू नकोस. ती अशी वस्तू आहे की दुसऱ्याच्या हातात टिकत नाही.

बाळ-बाळंतीण सुखरूप असल्याचे कार्ड वहिनीने लिहावे. तू लिहू नकोस.

नृसिंह